जऊळक्याचा ‘का’

अकोल्याहून पूर्णेकडे निघालेली गाडी वाशीम यायच्या आधी जऊळक्याला थांबते. मालेगाव तालुक्यातलं हे गाव. सरकारी कागदावर त्याचं पूर्ण नाव ‘जऊळका रेल्वे’. या मार्गावर पूर्वी मीटरगेजची गाडी धावायची, २००८ साली रूळ रुंद झाले.

गावाचं नाव प्रत्येकाच्या तोंडून वेगळं येतं. मराठी शाळेत शिकलेला माणूस ‘जऊळका’ म्हणतो. हिंदीत ळ नाही, म्हणून बाहेरून आलेला प्रवासी ‘जऊलका’ म्हणतो. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचणारा ‘जौल्का’ म्हणून मोकळा होतो. आणि शेतातून आलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, ‘कुठी चाल्ले बाप्पा?’ तो म्हणेल, ‘जऊयक्याले.’ वऱ्हाडीत ळचा य होतो. डोळा तो डोया, काळा तो काया, शाळा ती शाया. नावाच्या मधल्या भागाचं ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे केलं, पण शेवटच्या ‘का’ला कुणी हात लावला नाही. आजचं हे चिंतन त्या एका अक्षराभोवती आहे.

हा ‘का’ कसा आहे, ते विभक्ती लावली की कळतं. आपण जऊळक्याला जातो, जऊळक्यात राहतो, जऊळक्याहून परततो. पण द्वारकेला जातो आणि अमेरिकेत राहतो. लिहिताना तिन्हीकडे तोच ‘का’. तरी एक ‘घोड्याला’च्या चालीने चालतो आणि बाकीचे दोन ‘शाळेला’च्या. हे घरात कुणी शिकवत नाही, पण ‘अमेरिक्याला गेला’ असं मराठी बोलणारं लहान लेकरूही म्हणणार नाही. अमेरिकेचा शेवट युरोपातून घडून आला. १५०७ साली मार्टिन वाल्डझेमुलरच्या नकाशावर हे नाव पहिल्यांदा छापलं गेलं. अमेरिगो वेस्पुची हा पुरुष, पण युरोपा आणि एशिया ही नावं बायकांची, म्हणून नव्या भूमीच्या नावालाही लॅटिनचा स्त्रीलिंगी ‘आ’ लावला. मराठीने ते स्त्रीलिंग शेवटावरून बरोबर ओळखलं. अमेरिगो हे नाव मुळात जर्मानिक कुळातलं. त्याच्या शेवटी जो ‘रिक’ दडला आहे त्याचा अर्थ सत्ताधीश, आणि तो लॅटिनच्या ‘रेक्स’चा आणि आपल्या ‘राजा’चा सख्खा भाऊबंद. जऊळक्याच्याच तालुक्यात किन्हीराजा नावाचं गाव आहे. एवढ्या लांबच्या दोन नावांच्या शेवटाला एकच शब्द बसलेला पाहून मला फार बरं वाटतं.

तुम्ही वाचता आहात त्या लेखनप्रकाराच्या नावातही, ‘चिंतनिका’त, तोच ‘का’ आहे. चिंतन मोठं, चिंतनिका छोटी. नाटकाची नाटिका, पुस्तकाची पुस्तिका, एका अंकाची एकांकिका. संस्कृतातला ‘क’ लावून वस्तू लहान करायची ही रीत फार जुनी. ‘मृच्छकटिक’ हे नाटकाचं नाव फोडून पाहा. मृत् म्हणजे माती, आणि शकटिका म्हणजे लहानसा शकट, इवलीशी गाडी. शेजारच्या श्रीमंत मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा मुलगा आपली मातीची गाडी नको म्हणून रडतो आणि वसंतसेना त्या मातीच्या गाडीत आपले दागिने भरते. सगळ्या नाटकाला त्या खेळण्याचं नाव मिळालं आहे, आणि त्या नावातला जिव्हाळा ‘इका’मध्ये आहे.

पाणिनीने या ‘क’चे अर्थ अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात एकामागून एक दिले आहेत. ते वाचताना वाटतं की हा माणूस गावच्या पारावर बसून कान देऊन ऐकत होता. ‘क’ लागतो तो अज्ञात गोष्टीला: अश्वक म्हणजे कुणाचा ते ठाऊक नसलेला घोडा. लागतो तो निंदेसाठी: अश्वक म्हणजे भिकार घोडा. लागतो तो कणव आणि माया दाखवायला: पुत्रक म्हणजे बिचारं पोर, लाडकं पोर. लागतो तो थोडेपणासाठी आणि आखूडपणासाठी. आणि लागतो तो प्रतिकृतीसाठी: अश्वक म्हणजे लाकडाचा किंवा मातीचा घोडा. माया, कणव, तुच्छता आणि खेळणं, सगळं एका व्यंजनात. कोणता अर्थ घ्यायचा ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून ठरवायचं.

मग मराठीत हा ‘क’ कुठे गेला? तो लोकांच्या तोंडात विरघळला. दोन स्वरांच्या मधला एकटा क प्राकृतात टिकला नाही. घोटकचा घोडा झाला, कंटकचा काटा, दीपकचा दिवा, कीटकचा किडा, मस्तकचा माथा, चणकचा चणा. मराठीतल्या पुष्कळशा आकारान्त पुल्लिंगी नामांच्या शेवटचा ‘आ’ हा त्या गळालेल्या ‘क’ची खूण आहे. स्त्रीलिंगाकडे या. शाटिकाची साडी, वाटिकाची वाडी, मृत्तिकाची माती, मक्षिकाची माशी, कलिकाची कळी, घटिकाची घडी. ‘इका’मधला क गेला आणि इ-आ एकमेकांत मिसळून लांब ‘ई’ उरली. तैलिक तेली झाला, मालिक माळी झाला. फ्रेंच भाषापंडित झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवरचा आपला ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध केला, त्यात हा सगळा प्रवास पायरी-पायरीने दाखवला आहे. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने आपल्या भाषेत आणला. मराठीवर प्रेम असणाऱ्याने तो एकदा तरी हाताळावा.

ही ‘ई’ आजही स्वयंपाकघरात कामाला आहे. आजीच्या मांडणीवर मोठा डबा आणि त्याच्या कुशीत डबी असायची. डाळ ढवळायला पळा, तूप वाढायला पळी. दावणीला दोर, कपडे वाळत घालायला दोरी. टोपला आणि टोपली, लोटा आणि लोटी, विळा आणि विळी. वऱ्हाडात विळ्याला ‘इया’ म्हणतात, तरी धाकटेपणा सांगायची वेळ आली की शेवटाला तीच ‘ई’ येते. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘इका’चा शेवटचा श्वास त्या पळीच्या टोकाला आहे.

आता जऊळक्याकडे परत. एकटा क गळतो हे खरं, तर या नावातला क का शिल्लक राहिला? मराठीत टिकलेला असा ‘का’ जोडाक्षरातून येतो. प्राकृतात क्क होता तिथे मराठीत क राहिला, किंवा तो प्रत्यय मागाहून लागला. आणि हा दुसरा ‘का’ आपल्या तोंडात रोज आहे. मारका बैल. फाटका सदरा. मोडका नांगर. रडका पोरगा. बोलका चेहरा. नासका आंबा, विटका रंग. क्रियापदाला ‘का’ लावला की ती क्रिया त्या वस्तूच्या स्वभावात उतरते. बैलाने एकदा शिंग मारलं म्हणून तो मारका होत नाही. मारणं हा त्याचा स्वभाव असला की तो मारका. आणि ‘लाड’ला ‘का’ लागला की लाडका. २०२४ साली सरकारने बहिणींसाठी योजना काढली तेव्हा नावासाठी संस्कृत शब्द शोधला नाही, ‘लाडकी’ घेतला. तो घरोघरी पोचला.

युरोपातही या ‘क’चे सख्खे नातेवाईक नांदतात. रशियनमध्ये पाण्याला ‘वोदा’ म्हणतात. त्याला ‘का’ लावला की व्होडका, म्हणजे मुळात ‘थोडंसं पाणी’. झेक भाषेत आजीला ‘बाबिच्का’ म्हणतात आणि बोझेना न्येम्त्सोवा या लेखिकेच्या १८५५ सालच्या कादंबरीचं नावच ते आहे. स्लाव भाषांतला हा ‘का’ आणि संस्कृतातला ‘इका’ एकाच मुळातून फुटले. आणि पाणिनीने सांगितलेला उलटसुलट स्वभावही त्याने टिकवून ठेवला आहे. रशियात नावाला ‘का’ लावला तर तो मायेचाही असतो आणि अरेतुरेचाही. जुन्या मॉस्कोत त्सारकडे अर्ज करणारा माणूस स्वतःचं नाव इवान असं लिहीत नसे. ‘इवाश्को’ असं छोटं करून लिही, कारण राजासमोर आपण क्षुद्र आहोत हे नावाच्या शेवटात दाखवावं लागे.

इथे मला आपल्या ‘या’ची आठवण होते. रामचा राम्या, गणपतचा गणप्या. आईने हाक मारली तर त्यात साखर असते. तोच ‘या’ गावच्या मोठ्याने गरिबाच्या नावाला लावला तर त्यात लाथ असते. पिढ्यान्पिढ्या काही घरांतल्या माणसांची नावं वाड्यावर आणि कागदावर ‘या’ लावूनच घेतली गेली, आणि दुसऱ्या घरांतल्या नावांना ‘जी’ आणि ‘राव’ आपसूक लागले. माणसाला कमी लेखायला शिवीची गरज पडली नाही, एका प्रत्ययात काम झालं. हे विसरता कामा नये.

याच्या उलटचीही नवलाई आहे. वारकरी ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हणतात. माय या शब्दाला लाडाचा, धाकटेपणाचा प्रत्यय लावून माउली. तान्हुला, वाटुली यांतला हाच ‘उला’. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात ‘इल्ल’ आणि ‘उल्ल’ हे प्रत्यय नोंदवले आहेत, त्यांच्याच वंशातला हा. ज्यांच्यापुढे लाखो माणसं माथा टेकतात त्यांना हाक मारताना लहान करणारा प्रत्यय. रशियन माणूसही आपल्या धर्मगुरूला ‘बात्युश्का’ म्हणतो, म्हणजे लाडाने लहान केलेला बाप, आणि व्होल्गा नदीला ‘मातुश्का’, लाडाने लहान केलेली आई. चंद्रभागेच्या वाळवंटातला वारकरी आणि व्होल्गेकाठचा शेतकरी यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. दोघांनीही मोठ्याला जवळ आणायची एकच वाट शोधली.

पण लाडाचा शब्द रोज वापरला की झिजतो. घोटक हा एकेकाळी ‘क’वाला घोडा होता, आज घोडा हा नुसता घोडा आहे. लॅटिनमध्येही हेच झालं. कानाला ‘औरिस’ म्हणत. लोक लाडाने ‘औरिकुला’ म्हणू लागले, छोटासा कान. पुढे घाईत ‘ओरिक्ला’. रोमन काळाच्या उतरणीला कुणा मास्तराने २२७ चुकांची एक यादी केली होती, ती आज ‘अपेंडिक्स प्रोबी’ या नावाने ओळखली जाते. असं म्हणा, तसं म्हणू नका, अशा जोड्यांची ती यादी. त्यात ‘औरिस म्हणा, ओरिक्ला नको’ हीही सूचना आहे. मास्तराचं लॅटिन शुद्ध होतं. पण आज फ्रेंच माणूस कानाला ‘ओरेय’ म्हणतो, इटालियन ‘ओरेक्यो’, स्पॅनिश ‘ओरेहा’, आणि हे तिन्ही शब्द त्या चुकीच्या ‘ओरिक्ला’ची लेकरं आहेत. फ्रेंचमधला सूर्यही, ‘सोलेय’, असाच लहान केलेल्या सूर्यातून आला. मास्तराची ती यादी आज अभ्यासकांना प्रिय आहे, कारण लोक खरोखर कसे बोलत होते हे तिच्यामुळे कळतं.

फ्रेंचांचा दुसरा एक प्रत्यय, ‘एत’, तर आपण खिशात घालून फिरतो. तो खिसा म्हणजे पॉकेटच छोट्या पिशवीचा शब्द. सिगरेट म्हणजे छोटा सिगार, कॅसेट म्हणजे छोटी पेटी, टॅब्लेट म्हणजे छोटी पाटी, हेल्मेट म्हणजे छोटं शिरस्त्राण, बुलेट म्हणजे छोटा गोळा. संसदेत मांडलं जातं ते बजेटही मुळात चामड्याची छोटी थैली. वाशीमच्या बाजारातला दुकानदार दिवसातून कितीदा ‘पॅकेट’ म्हणतो. त्या प्रत्येक वेळी एक जुना फ्रेंच लाड त्याच्या ओठांवरून जातो आणि गिऱ्हाईक बिस्किटं घेऊन घरी जातं.

या ‘एत’ची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. फ्रेंच आणि इंग्रजीत लहान करणारा प्रत्यय आणि बाई दाखवणारा प्रत्यय एकच झाला. १९०६ साली लंडनच्या ‘डेली मेल’ने मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना ‘सफ्रजेट’ म्हटलं. मताधिकारवादी या शब्दाला ‘एट’ जोडून त्यांना छोटं आणि हास्यास्पद करण्याचा तो प्रयत्न होता. बायकांनी तो शब्द उचलला आणि १९१२ मध्ये आपल्या साप्ताहिकाला तेच नाव दिलं. प्रत्यय तोच राहिला, अर्थ त्यांनी बदलला.

आपल्याकडे लेखिका, गायिका, परिचारिका, नगरसेविका हे शब्द ऐकले की वाटतं, इथेही बाईला लहान केलं आहे. तसं ते नाही. सेवक या शब्दातला ‘अक’ हा काम करणारा दाखवतो, आणि स्त्रीलिंगात त्यातल्या अ चा इ होतो, हे पाणिनीने सातव्या अध्यायात सांगितलं आहे. पुस्तिका म्हणजे लहान पुस्तक, पण सेविका म्हणजे लहान सेवक नव्हे. कानाला दोन्ही ‘इका’ सारखेच लागतात, म्हणून घोटाळा होतो. आणि बोलीत नुसता व्याकरणाचा नियम चालत नाही, कानाचाही चालतो. म्हणून माझं मत असं, की ज्या बाईला ‘लेखक’ म्हणवून घ्यायचं आहे तिला तसं म्हणावं. जिला ‘लेखिका’ हवं आहे तिच्या ‘इका’त लहानपण शोधू नये. गावातली अंगणवाडी सेविका सकाळी लेकरांचं वजन करते, खिचडी वाटते, नोंदी भरते, दुपारी घरोघरी गरोदर बायांकडे जाते. तिच्या नावातला ‘इका’ पुरा वाढलेला आहे.

लहानपणासाठी मराठीने आणखी एक प्रत्यय राखून ठेवला आहे, ‘रू’. तो ‘रूप’मधून आला. पक्षिरूपाचं पाखरू, गोरूपाचं गोरू, वत्सरूपाचं वासरू. ही सगळी नपुंसकलिंगी. ‘ते वासरू’, ‘ते लेकरू’. जर्मनमध्येही लहान करणारा ‘शेन’ लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, म्हणून तिथे ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, व्याकरणात ‘ते’ असते. लहानग्याला अजून बाई-पुरुष करू नये, असं दोन्ही भाषांना वाटलं.

वासरू म्हटलं की आमच्या जिल्ह्याचं गाव आठवलंच पाहिजे. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. प्राकृतात ते ‘वच्छोम’ झालं आणि राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त ‘वच्छोमी’ ही काव्याची एक रीत म्हणून येते. वत्सचं वच्छ, मग मराठीत एकीकडे वासरू आणि दुसरीकडे वाशीम. गोठ्यातल्या वासराला आणि जिल्ह्याच्या गावाला एकच पूर्वज आहे. १९३९ साली इथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. चौथ्या शतकातला तो लेख वत्सगुल्माहून दिलेला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि पुढे दानाचा तपशील आला की भाषा प्राकृत होते. पूर्वजांचा मोठेपणा सांगायला संस्कृत, आणि जमीन कुणाला, कोणत्या सवलतींनी, हे सांगायला लोकांची बोली. सोळा-सतरा शतकांपूर्वीच्या त्या कारकुनाला नेमकं ठाऊक होतं की कोणतं काम कोणत्या भाषेत होतं.

गावाचं नाव माणसाच्या अंगावर कसं चढतं हेही शेवटावरून कळतं. पोलंडमध्ये ‘स्की’ हा शेवट गावाच्या मालकीतून आला. तार्नूव ज्याचं तो तार्नोव्स्की. आपला ‘कर’ उलट्या दिशेने चालतो. जो गाव सोडून जातो त्याला तो लागतो. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतलं. मंगेशीत सगळेच मंगेशीचे, तिथे त्याने काही कळलं नसतं. जऊळक्यातही कुणी कुणाला जऊळकर म्हणून हाक मारणार नाही. अकोल्यात, नागपुरात, पुण्यात गेल्यावर तो ‘कर’ लागतो. ते गाव सोडल्याचं आणि गाव न विसरल्याचं चिन्ह आहे.

आणि गावांच्या नावांना अजूनही नवे शेवट फुटत आहेत. फारसीने बुद्रुक आणि खुर्द दिले, थोरलं आणि धाकटं. मंगरूळला पीर लागला, कारंज्याला लाड, शिरपूरला जैन. मग आगगाडी आली. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर, म्हणून एक चांदूर बाजार आणि एक चांदूर रेल्वे. तसंच आमचं जऊळका रेल्वे. पुढचा भाग जुना देशी, मधला ‘का’ मराठीतला, आणि शेवटाला एक इंग्रजी शब्द, जो तलाठ्याच्या कागदावर पूर्ण देशी झाला आहे. ‘रेल्वे’ हा शब्द मराठीत परका राहिला नाही याचा याहून मोठा पुरावा नको.

१७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका कुळातल्या असाव्यात असं जाहीर केलं. १८१६ साली फ्रान्झ बॉप यांनी क्रियापदांचे शेवट एकमेकांशेजारी मांडून ते दाखवून दिलं. संस्कृतात अस्ति, ग्रीकमध्ये एस्ति, लॅटिनमध्ये एस्त, जर्मनमध्ये इस्ट. शब्द उसने घेता येतात, आपण बटाटाही घेतला आणि टेबलही. शेवट सहसा कुणी कुणाचे घेत नाही. म्हणून भाषांचं नातं बघायचं तर शेवटाकडे बघावं लागतं, आणि म्हणून ‘जऊयक्याले’ या एका शब्दातले सगळे शेवट मला मोलाचे वाटतात. त्यातला ‘ले’ पुण्याच्या ‘ला’पेक्षा वेगळा आहे, चुकीचा नाही. तेराव्या शतकात मराठी गद्याचा पाया याच वऱ्हाडाच्या मातीत, रिद्धपूरला महानुभावांनी घातला. वऱ्हाडी ही तेव्हापासूनची आहे.

एवढंच मागणं आहे. शिक्षकांनो, फळ्यावर ‘शाळा’ लिहा, ळ नीट गिरवून घ्या, तो अक्षरांत टिकलाच पाहिजे. पण एखाद्या पोराने उभं राहून ‘मी शायेत आलो’ म्हटलं तर त्याला वर्गासमोर हसू नका आणि बाकीच्यांनाही हसू देऊ नका. आणि तुम्ही कधी या गाडीने निघालात तर जऊळक्याला उतरा. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या कुणा म्हाताऱ्या बाबांना गावाचं नाव विचारा, त्यांच्या बैलांची, शेतांची, नाल्यांची नावं विचारा. ती जशी त्यांच्या तोंडून येतील तशीच, शेवटच्या अक्षरापर्यंत, वहीत उतरवून घ्या.